फ्लॅनेलमधला फोन

अख्ख्या चेन्नईत सगळ्यात महागडा फोन सगळ्यात कमी वापरणारा माणूस आमच्या डोक्यावर, म्हणजे वरच्या मजल्यावर राहतो, हे मी पैजेवर सांगू शकते. पेरांबूरच्या आमच्या गल्लीत त्यांना सगळे ‘ओनर मामा’ म्हणतात. घर त्यांचं, खालच्या दोन खोल्यांत भाडेकरू आम्ही. बाबा गुम्मिडिपूंडीच्या एका कारखान्यात फिटर आहेत. आम्ही मूळचे बार्शीकडचे, इथे येऊन नऊ वर्षं झाली. मामांचे पूर्वज कित्येक पिढ्यांपूर्वी तंजावरला आले आणि तिथलेच झाले. त्यांची मराठी ऐकताना आई म्हणते, कुणीतरी जुनी पोथी वाचतंय आणि मधूनच तमिळमध्ये शिंकतंय. ‘मला’ला ते ‘मज’ म्हणतात, ‘कशाला’ला ‘कायला’ म्हणतात, आणि मला, वय वर्षं एकोणीस, इथल्या पद्धतीप्रमाणे ‘अम्मा’ म्हणतात. पहिल्या वर्षी मला त्याचं हसू यायचं. आता बार्शीला गेल्यावर कुणी तशी हाक मारत नाही, तर चुकल्यासारखं होतं.

मामा रेल्वेच्या कारखान्यातून निवृत्त झाले. तिथे मापं तपासायच्या खोलीत त्यांची अडतीस वर्षं गेली. लोखंडाचा तुकडा केसाएवढा जाड आहे की केसाहून केसभर जास्त, हे सांगायचं ते काम. निवृत्तीनंतर महिन्याभरात त्यांनी नुंगंबाक्कमच्या एका मोठ्या दुकानातून हा फोन आणला. किंमत ऐकून बाबांनी हातातला घास ताटात ठेवला होता. फोन घरी आला तो खोक्यातून नव्हे. मामांनी आधी त्याच्या मापाची सागवानी पेटी स्वतः बनवली, आत पिवळं फ्लॅनेल लावलं, पितळेची कडी बसवली, आणि मग दुकानात ती पेटी घेऊन गेले. दुकानातल्या मुलानं कव्हर आणि काच फुकट देतो म्हटलं, तर मामा म्हणाले, “ह्यास घर आहे, सदरा नको.”

रोज संध्याकाळी सहा वाजता ते हात साबणानं धुतात, पुसतात, मग पंख्याखाली दोन मिनिटं धरून वाळवतात. त्यानंतर पेटी उघडते. फोन बाहेर येतो, फ्लॅनेलनं पुसला जातो, पुढून, मागून, कडेनं पाहिला जातो, आणि साधारण वीस मिनिटांनी पुन्हा आत जातो. फोन करायला त्यांच्याकडे बटणांचा जुना फोन आहे, त्याला ते ‘शिपाई’ म्हणतात. “कुणास बोलवायचं तर शिपायास सांगावं. साहेबास कायला उठवायचं?” मामींचं म्हणणं असं, की लग्नाला चाळीस वर्षं झाली, पण हात वाळवून आपल्याकडे कधी कुणी पाहिलं नाही.

मामांनी फोनची परीक्षा घेतली नाही असं एकही अंग त्याला उरलेलं नाही. पहिल्याच आठवड्यात त्यांनी त्याचं मामींच्या पोस्ताच्या, म्हणजे खसखशीच्या, काट्यावर वजन केलं. पत्रकातल्या आकड्याहून तो दीड ग्रॅम जास्त भरला. मामांनी कंपनीला इंग्रजीत पत्र लिहिलं, की माल उत्तम आहे, परंतु छापील आकड्यात दुरुस्ती व्हावी. कंपनीचं आभाराचं उत्तर आलं. त्यावर मामा तीन दिवस खूश होते, आणि चौथ्या दिवशी काटाच दीड ग्रॅम चुकतो हे त्यांच्या लक्षात आलं. मग माफीचं दुसरं पत्र गेलं. फोनमधलं पातळी दाखवणारं यंत्र त्यांनी स्वतःच्या पितळी पाणसळीशी ताडून पाहिलं. त्या नादात आमच्या खालच्या खोलीची जमीन दाराकडे उतरती आहे हे सिद्ध झालं, आणि आम्हाला एका महिन्याचं निम्मं भाडं माफ झालं. आम्ही काही तक्रार केली नव्हती. मामा म्हणाले, “जमीन तिरपी देऊन भाडं सरळ कसं घ्यावं?”

फोनचा एक तेवढा सार्वजनिक उपयोग आहे. आमच्या गच्चीवरून लांबवरचा वळणाचा रस्ता दिसतो. संध्याकाळच्या त्या वीस मिनिटांत मामा गच्चीवर जातात, फोनचा कॅमेरा त्या वळणावर रोखतात आणि बसच्या कपाळावरचा नंबर वाचून खाली ओरडतात, “ट्वेंटी नाइन सी!” खाली थांब्यावर उभे असलेले लोक पिशव्या उचलतात. एकदा एका नव्या माणसानं वर बघून तमिळमध्ये विचारलं, “सार, जागा आहे का आत?” मामांनी पुन्हा फोन रोखला आणि म्हणाले, “उभं राहायला. डावीकडून चढ.”

आणि खरी गंमत पुढेच आहे. गल्लीत कुणालाही नवा फोन घ्यायचा असला की तो मामांकडे येतो, आणि मामा प्रत्येकाला महागडा फोन घेण्यापासून परावृत्त करतात. इस्त्रीवाल्या अण्णाला, शाळेतल्या बाईंना, माझ्या बाबांना, सगळ्यांना त्यांनी समोर बसवून विचारलं, “काय करतोस फोनात? बोलणं, पैसे धाडणं, सिनेमा पाहणं. सरी, ठीक. मधला घे. पुरे तुज. त्यावरचं सगळं दुकानदाराच्या लेकराच्या लग्नास.” बाबांनी धीर करून विचारलं होतं, “मग मामा, तुम्ही?” मामा म्हणाले, “माझं वेगळं आहे,” आणि कडी लावली.

इथवर मी हसत लिहू शकले. पुढचं लिहायला मला थोडी भीती वाटते, कारण त्यात मी आहे.

आमच्या घराण्यात कॉलेजची पायरी चढलेली मी पहिली. बी.कॉम.च्या दुसऱ्या वर्षाला होते तेव्हा बाबांच्या कारखान्यातली एक पाळी बंद झाली आणि पुढच्या वर्षीच्या फीचं काही खरं नाही, हे घरात कुणी न बोलताच सगळ्यांना कळलं. बाबांच्या ओळखीनं गुम्मिडिपूंडीतच पॅकिंगच्या कामाला मुली घेत होते. आईनं एकदा माझ्यासाठी तिथल्या गणवेशाच्या रंगाची चौकशी केली आणि मग तिनंच तो विषय बदलला. त्याच सुमारास उत्तरेकडच्या एका संस्थेच्या शिष्यवृत्तीची जाहिरात कॉलेजात लागली. उरलेल्या शिक्षणाची पूर्ण फी. अर्जासोबत निबंध हवा होता, तुमच्या परिसरातल्या एका माणसाच्या एका खर्चाविषयी. मी विषय घेतला, महागडा फोन रोजच्या वापराला खरंच लागतो का. आणि माणूस घेतला तो वरच्या मजल्यावरचा. नाव लिहिलं नाही, ‘आमचे घरमालक, निवृत्त तंत्रज्ञ’ एवढंच लिहिलं. दोन आठवडे मी पाहून पाहून टिपणं काढली. दिवसाला वीस मिनिटं. महिन्यात फोन कॉल शून्य. दोन वर्षांत फोटो अकरा, त्यातले सात एकाच नारळाचे. आमच्या सरांनी वाचून म्हटलं, “उदाहरण जिवंत आहे, छान.” मला फार अभिमान वाटला. मुलाखतीचं बोलावणं आलं तेव्हा मामींनी मला रवा लाडू दिले आणि मामांनी खिशातून एक कोरी पेन्सिल काढून दिली. निबंध कशावर आहे ते त्यांनी विचारलं नाही. मीही सांगितलं नाही.

मुलाखत फोनवरून, समोरासमोर दिसत होणार होती. वेळ दुपारी चारची, आणि दिवस नेमका नवमीचा. त्या संस्थेला त्या दिवशी सुट्टी नव्हती. इथे मात्र तो आयुधपूजेचा दिवस. रिक्षांना केळीचे खांब, दुकानांना कुलपं, आणि घरोघरी पाटावर हत्यारं, अवजारं, पुस्तकं मांडलेली. आमच्या बार्शीला पूजा झाली, नमस्कार केला, की वस्तू परत वापरायला मोकळी. मामांच्या घरी तसं नाही. नवमीला जे पूजेत बसलं ते विजयादशमीच्या सकाळी पुन्हा आरती होईपर्यंत जागचं हलत नाही. पुस्तकसुद्धा वाचायचं नाही. मामांच्या पाटावर त्यांचे पाने, पाणसळ, मामींचं शिवणयंत्राचं डोकं, विळी, आणि मधोमध उघड्या पेटीत फोन, काचेवर चंदनाचा एकच बारीक ठिपका, त्यावर कुंकू. मामांनी तो ठिपका काडीनं लावला होता.

आमच्या आईनं तो सकाळी वर जाऊन पाहिला. तिला वाटलं, आपणही इथल्यासारखं नीट करावं. खाली येऊन तिनं तिचं शिवणयंत्र, बाबांची सायकल, माझा कॅल्क्युलेटर आणि माझा फोन पुजला. मी न्हायला गेले होते. आई काडीवर थांबली नाही. तिनं चंदन गुलाबपाण्यात चांगलं सैल कालवलं आणि तीन बोटांनी, वरून खालपर्यंत, दोन्ही बाजूंनी लावलं. मुलाखतीचा दिवस म्हणून खालच्या कडेला जरा जास्तच. फोनची बोलायची भोकं तिथेच असतात.

मी ते पुसलं आणि विसरले. अडीच वाजता सरावासाठी तांबरमच्या मैत्रिणीला फोन लावला. तिला मी दिसत होते, पण ती नुसती म्हणत राहिली, “बोल ना. अगं बोल ना.” मी बोलतच होते. सुई घातली, फुंकलं, आईनं हेअरपिन घातली. इअरफोनच्या भोकातही चंदन वाळलं होतं. बाबा त्यांच्या फोनसकट कारखान्यातल्या पूजेला गेलेले. नेटकॅफे बंद, फोन दुरुस्तीची दुकानं बंद. मैत्रिणीकडे जायचं तर दीड तास. आई दारात बसली आणि म्हणाली, “मीच फिरवलं का गं पाणी तुझ्या नशिबावर?” मला तिच्यावर ओरडायचं होतं, पण तिच्या बोटांना अजून चंदन होतं.

साडेतीनला आम्ही दोघी वर गेलो. मी दारातच म्हणाले, “मामा, माझा फोन बोलत नाही. चारला मुलाखत आहे.”  पुढे मागायची गरजच पडली नाही. सगळे एकदमच पाटाकडे बघायला लागले.

 मामा उठून पाटासमोर गेले आणि हात मागे बांधून उभे राहिले. शेजारच्या रिक्षापुढे फोडलेल्या कोहळ्याचा वास येत होता. भिंतीवरच्या घड्याळात तीन पस्तीस झाले, सदतीस झाले. या माणसानं आयुष्यात एकही नियम केसभर वाकवलेला मी पाहिला नव्हता.

“पूजेत बसलेलं उठवत नाहीत, अम्मा,” ते अखेर म्हणाले. आवाज फार हळू होता. “माझ्या बापानं उठवलं नाही. घरास साप आला तरी काठी पूजेत होती, म्हणून झाडूनं हाकलला.”

“हाकलला ना?” मामी स्वयंपाकघराच्या दारातून म्हणाल्या. “मग झालं. आणि आज दुपारी सांबारात भोपळा कशानं चिरला वाटतं तुम्हांस?”

मामा वळले. “कशानं?”

“विळीनं.”

“विळी पूजेत आहे.”

“होती. मी काढली, चिरलं, धुतली, परत बसवली. तुम्ही दोनदा सांबार घेतलं. देवीनं काय म्हटलं नाही, तुम्हीपण काय म्हणू नका. ह्या लेकराची वेळ जाते आहे. उठवा तो साहेब.”

मामा मामींकडे बघत राहिले. अडतीस वर्षांत निसटला नसेल असा दोष डोळ्यांसमोर, ताटात, दोनदा निसटला होता. मग ते मोरीकडे गेले. हात धुतल्याचा आवाज आला. पंख्याखाली त्यांनी हात धरले. मी घड्याळ बघत होते, चाराला बारा कमी, आणि ते बोटं पसरून वाळवत होते. “मामा, थोडं लवकर...” मी म्हणाले. “ओल्या हातानं मज सापाससुद्धा धरता येत नाही,” ते म्हणाले. मग पाटासमोर वाकून नमस्कार केला, काडीनं लावलेला तो ठिपका फ्लॅनेलच्या कोपऱ्यानं टिपला आणि फोन उचलला.

मी सांगत गेले तसं त्यांनी त्यावर माझ्या फोनचं नेट जोडलं आणि मुलाखतीची लिंक उघडली. आता तो ठेवायचा कशावर? एरवी मी पुस्तकांची चळत करते. घरातलं पुस्तक अन् पुस्तक पूजेत. मामींनी पिठाचा डबा आणला. मामांनी डब्याकडे असं पाहिलं की तो मामींनी स्वतःच परत नेला. “मी धरतो,” मामा म्हणाले. “तू बस.”

असे ते माझ्यासमोर उभे राहिले, कोपरं पोटाशी लावून, दोन्ही हातांत फोन धरून. मला पडद्यावर तीन माणसं दिसत होती, मधे पिकल्या केसांच्या एक बाई, दोन बाजूंना दोन सर. कोपऱ्यातल्या छोट्या चौकोनात माझा चेहरा. आणि पडद्याच्या वर मामांच्या भुवया. आवाज त्यांनी पूर्ण मोठा ठेवला होता, मला नीट ऐकू यावं म्हणून.

मुलाखत इंग्रजीत होती. पहिली दहा मिनिटं बरी गेली. घरचं विचारलं, मार्क विचारले, पुढे काय करायचं ते विचारलं. मी अडखळत होते, पण थांबत नव्हते. मग बाईंनी समोरचा कागद उचलला. “तुमचा निबंध मला आवडला. यातलं एक वाक्य वाचते.” आणि तेव्हा कुठे मला कळलं की मी कुठे बसले आहे. गेली दहा मिनिटं मला फक्त आवाज जातो आहे की नाही याची चिंता होती. बाईंनी वाचलं, “‘आमच्या गल्लीतलं सगळ्यात उत्तम यंत्र आमच्या घरमालकांकडे आहे आणि त्यांना त्याचा काहीही उपयोग नाही. हा खर्च गरजेतून नव्हे, निव्वळ मोहातून झालेला आहे.’”

मामांना इंग्रजी येतं. अडतीस वर्षं त्यांनी इंग्रजी नकाशे वाचले.

मी वर बघितलं नाही. मी कोपऱ्यातल्या माझ्या चेहऱ्याकडे बघत होते. दहा मिनिटं तो खिळ्यानं ठोकल्यासारखा मधोमध होता. तो हळूच डावीकडे घसरला. मग परत मधे आला.

“ते गृहस्थ,” बाई म्हणाल्या, “त्यांनी तो फोन का घेतला असावा?”

माझ्याकडे टिपणं होती. वीस मिनिटं, शून्य कॉल, अकरा फोटो. या प्रश्नाचं टिपण नव्हतं. स्वयंपाकघराच्या दारात मामींनी आईचा हात धरलेला मला दिसला. आईला इंग्रजी कळत नाही, पण माझा चेहरा कळतो.

“मला माहीत नाही, मॅडम,” मी म्हणाले. “मी त्यांना विचारलं नाही.”

“मग मोह हा शब्द कुठून आला?”

“फोन किती वापरला ते मोजता आलं, म्हणून मी मोजलं. जे मोजता आलं नाही, त्याला... त्याला मी मोह म्हटलं.”

डावीकडचे सर पुढे वाकले. “म्हणजे तुमचा निष्कर्ष चुकला?”

इथे हो म्हणणं किती सोपं होतं. समोर फोन धरून उभ्या असलेल्या माणसासाठी तरी म्हणावं असं वाटलं. पण ते खरं नव्हतं, आणि खोटं बोलले तर तेही त्यांच्याच हातातून जाणार होतं.

“नाही, सर. माझ्या बाबांना मी अजूनही सांगेन, एवढा महाग फोन घेऊ नका. रोजच्या कामाला मधला पुरतो. हे मी आमच्या घरमालकांकडूनच शिकले, ते सगळ्या गल्लीला हेच सांगतात. निबंधात हे मी लिहायला हवं होतं, पण ते माझ्या मुद्द्यात बसत नव्हतं. त्यांच्या मनातलं मात्र मला माहीत नव्हतं. ते एक वाक्य मी काढून टाकीन.” मग मी पुढचंही सांगितलं. “सर, माझा फोन दुपारी बंद पडला. मी त्यांच्याच फोनवरून बोलते आहे. ते तो धरून उभे आहेत.”

 उजवीकडच्या सरांनी चष्मा काढला. बाई म्हणाल्या, “आत्ता? त्यांनी हे सगळं ऐकलं?”

“हो, मॅडम.”

“त्यांना सांगा, हात दुखत असतील तर कुठेतरी टेकवा.”

फोनच्या मागून, मुलाखत सुरू झाल्यापासून पहिल्यांदा, मामांचा आवाज आला. “नो प्रॉब्लेम, मॅडम. काइंडली कंटिन्यू.”

आणखी पाच-सात मिनिटं मुलाखत चालली. काय विचारलं ते मला आठवत नाही. पडदा काळा झाल्यावर मामांनी फोन पुसला, पेटीत ठेवला, पेटी पाटावर होती तिथे बसवली, काडीनं पुन्हा ठिपका लावला आणि आतल्या खोलीत जाऊन दार लोटून घेतलं. मामी म्हणाल्या, “जा गे तू. तोंड धू.” संध्याकाळी त्यांनी प्रसादाचं सुंडल खाली पाठवलं. ते हरभरे मी वाटीतच ठेवले. आई विचारत होती, नीट झाली ना मुलाखत, आणि मी नुसती मान हलवत होते. पहिल्यांदाच मला शिष्यवृत्तीची काळजी वाटत नव्हती. मामा उद्या जिन्यात भेटतील तेव्हा मी कुठे बघू, ही वाटत होती.

शिष्यवृत्ती मिळाली. पत्र महिन्याभरानं आलं, आणि मी आता तिसऱ्या वर्षाला आहे. पण मला सांगायचं आहे ते दुसऱ्या दिवशी सकाळचं.

विजयादशमीची आरती झाल्याची घंटा ऐकली आणि मी वर गेले. मामा पाटासमोर मांडी घालून बसले होते. पूजेतलं एकेक अवजार उचलून त्यावरचं चंदन पुसत होते. फोन त्यांच्या मांडीवर होता. मी दारात उभी राहिले. “मामा, सॉरी. मी ते लिहायला...”

“सॉरी कायला?” त्यांनी वर पाहिलं नाही. “मोजलंस ते बरोबर. फोटो अकरा नव्हे, बारा आहेत. एक काळा आहे, बोट आलं होतं.” मग त्यांनी फ्लॅनेल बाजूला ठेवलं. “विचारलं नाहीस म्हणालीस. आता विचार.”

मी खाली बसले. मला वाटलं होतं तेवढं ते सोपं नव्हतं. “मामा, तुम्ही हा फोन का घेतलात?”

“मज फोन नको होता की,” मामा म्हणाले.

मग त्यांनी सांगितलं. कारखान्यात सकाळी स्टोअरच्या खिडकीत आपला पितळी बिल्ला द्यायचा आणि मोजायचं हत्यार, म्हणजे माप, घ्यायचं. उत्तम मापं, परदेशी, हातात घेतली की श्वास धरावा अशी. संध्याकाळी माप परत द्यायचं, बिल्ला परत घ्यायचा. अडतीस वर्षं एकही माप एका रात्रीपुरतं घरी आलं नाही. येऊ नयेच, नियम तो नियम. शेवटच्या दिवशी त्यांनी माप दिलं, बिल्ला घेतला, आणि मग खिडकीतला माणूस म्हणाला, सार, आज बिल्लापण द्यायचा. “दिला. आणि हात घेऊन बाहेर आलो. बसमध्ये बसलो तर हात कुठं ठेवावेत कळेना.” महिनाभर तसेच गेले. मग मामींसाठी मिक्सर बघायला नुंगंबाक्कमला गेले आणि तिथे काउंटरवर हा ठेवलेला. त्यांनी सवयीनं उचलला, सवयीनंच कडेवरून नख फिरवलं. काच जिथे संपते आणि धातू जिथे सुरू होतो, त्या जागेवरून.

“नख अडकलं नाही,” मामा म्हणाले. “अडतीस वर्षांत माझं नख अडकलं नाही असा जोड मी मोजून चार पाहिले. कुठल्यातरी पोरानं, कुठल्यातरी देशात, हे केलं आहे. त्यास पगार काय मिळतो, कोण जाणे. लोक ह्यावर सिनेमा पाहतात, कव्हर घालतात. त्याचा हा जोड कुणी पाहत नाही. मज वाटलं, एकानं तरी पाहावा. रोज.” मग ते म्हणाले, “मोह म्हटलास तर मोहच तो. चूक नाही तुझी.”

मामी दारात येऊन उभ्या होत्या. त्यांच्या हातात पोळ्यांचं लाटणं होतं. “मजपण हे सांगितलं नव्हतं,” त्या म्हणाल्या, पण टोमणा मारतात तसं नव्हे.

मामांनी माझा हात बघितला. मी तो न सांगता मोरीत जाऊन धुऊन आले आणि पंख्याखाली धरला. त्यांनी फोन माझ्या तळव्यावर ठेवला. तो मला वाटला होता त्याहून जड होता, आणि गार. “डोळे मीट,” ते म्हणाले. “नख लाव. कडेनं जा.”

मी गेले. एकदा, मग उलट्या बाजूनं. मला जोड सापडला नाही. तरी मी डोळे मिटून बराच वेळ शोधत राहिले. समोर मामा श्वास धरून बसले होते, ते मला ऐकू येत होतं.